पंचेचाळीसची पट्टी

प्रयोगशाळेत माणसं दोन प्रकारची असतात असं ताईंचं ठाम मत होतं. ज्यांना पिपेट धरता येतं ती, आणि ज्यांना भाषण ठोकता येतं ती. पहिल्या प्रकारात त्या फक्त स्वतःला धरत. बाकी सगळी मंडळी दुसऱ्या प्रकारात, आणि त्यातल्या निम्म्यांना तर भाषणही धड येत नसे. ताई तिथल्या टेक्निशियन. सव्वीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला आठ महिने, आणि एवढ्या काळात त्यांनी कुणाला मनापासून शाबासकी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सर्वांत जास्त तुच्छता त्यांनी सरांसाठी राखून ठेवली होती. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. गोरेगोमटे, खोलीत शिरायच्या आधी ज्यांचा आवाज शिरतो असे. त्यांची सगळी कीर्ती एका सशाच्या रक्तावर उभी होती. म्हणजे प्रकार असा, की आपल्या पेशीत प्रथिनं तयार होतात तेव्हा त्यांचे मणी एकेक करून वाहून आणणारे बारके हमाल असतात, त्यांना टी-आरएनए म्हणतात. या हमालांच्या अंगावर एक एन्झाइम बारीकशी खूण करतं. खूण नसेल तर हमाल चुकतात, भलताच मणी आणून टाकतात. सर या खूण करणाऱ्या एन्झाइमचे अभ्यासक. आता एन्झाइम काही डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायला अँटिबॉडी लागते. एन्झाइमचा तुकडा सशाला टोचायचा, सशाच्या रक्तात अँटिबॉडी तयार होते, आणि ती त्या एन्झाइमला जाऊन चिकटते, दुसऱ्या कशाला चिकटत नाही. निदान तशी आशा असते. सरांच्या भाषणांत या आशेचा उल्लेख कधी येत नसे.

अकरा वर्षांपूर्वी सरांनी अशी अँटिबॉडी करून घेतली, आणि पहिल्याच प्रयोगात घोटाळा झाला. पुस्तकी हिशेबानं त्या एन्झाइमचं वजन बासष्ट किलोडाल्टन यायला हवं होतं. अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे काळी पट्टी उठते, ती उठली पंचेचाळीसला. चांगली जाड, काळीभोर. एखाद्या साध्या माणसाला वाटलं असतं, अँटिबॉडी चुकीच्या जागी चिकटत असेल. सरांना वाटलं, एन्झाइमच चुकतंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. सरांनी त्या वाकड्या अंगणावर सात शोधनिबंध लिहिले. पेशी म्हणे हे एन्झाइम वापरायच्या आधी छाटते, त्याचा बासष्टचा पंचेचाळीस करते. ‘छाटणी सिद्धान्त’. त्यावर सर देशोदेशी बोलून आले. काचेच्या कपाटात एक पदक आलं. हाताखाली एक सहायक आला, त्याला ताई होयबा म्हणत, कारण दिवसभरात त्याच्या मानेची हालचाल एकाच दिशेनं होई.

आणि ती पट्टी काढायच्या ताई. सरांना पिपेटच्या कुठल्या टोकातून पाणी येतं एवढंही आठवत नव्हतं. पेशींचा रस जेल नावाच्या पातळ थिजलेल्या वडीच्या खणांत भरायचा, वीज सोडायची, प्रथिनं वजनाप्रमाणे, जड वर आणि हलकी खाली, अशी वेगळी झाली की कागदासारख्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवायची, मेम्ब्रेन पावडरच्या दुधात भिजवायची आणि मग अँटिबॉडीत घालायची, हे सगळं ताईंचं. ससा केव्हाच मेला होता, म्हणून अँटिबॉडी जपून वापरायची. एकदा वापरलेली पुन्हा नळीत भरून ठेवायची. तिला सगळे ‘उष्टी’ म्हणत. अख्खी मेम्ब्रेन भिजवायची तर अँटिबॉडी फार लागते, म्हणून इथली रीत अशी, की आधीच कात्रीनं मेम्ब्रेन कापायची. पंचेचाळीसच्या वर नखभर, खाली नखभर. तेवढाच तुकडा डबीत. उरलेली कचऱ्यात.

त्या कापण्यात ताईंचा हात कुणी धरला नसता. पंचेचाळीसची पट्टी अशी स्वच्छ यायची, की दुसऱ्या प्रयोगशाळांतले लोक बघायला येत. वर डाग नाही, खाली डाग नाही. ‘ताईंचा हात,’ असं लोक म्हणत, आणि ताई नाक उडवत, पण त्यांना ते आवडायचं.

या सगळ्यात सहा वर्षांपूर्वी मास्तर आला. शाळेत विज्ञान शिकवायचा, पस्तिशीजवळ आल्यावर पीएचडीची हौस आली. ताईंनी त्याच्याकडे पहिल्या दिवशी पाहिलं आणि त्याचं मोजमाप संपवलं. मोठा देह, सावकाश बोलणं, शाळेतल्यासारखी समास सोडून लिहिलेली वही. जेलच्या खणात रस भरताना जीभ बाहेर काढायचा. “मास्तर, जीभ आत घे, खणात पडेल,” असं त्या चारचौघांत म्हणायच्या. तो हसायचा. त्याला राग येत नाही, ही गोष्टही ताईंनी त्याच्या मूर्खपणाच्या खात्यात टाकली होती. त्याचा सगळा प्रबंध पंचेचाळीसच्या पट्टीवर होता. उपाशी ठेवलेल्या पेशींत ती वाढते की कमी होते, तापवलेल्या पेशींत काय होतं, असं दोनशे पानं.

प्रबंध गेला, आणि बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. पत्र चार ओळींचं होतं. प्रबंध चांगला आहे, मात्र एक चित्र हवं. मेम्ब्रेन न कापता अख्खी दाखवावी, आणि साध्या पेशींच्या शेजारी, या एन्झाइमचं जीन काढून टाकलेल्या पेशी लावाव्यात. प्रयोग ज्यांनी हातानं केला त्यांची चित्राखाली सही असावी.

मागणीत वावगं काही नव्हतं. ज्या पेशीत ते एन्झाइम तयारच होत नाही, तिथे पट्टी उठता कामा नये. उठली, तर अँटिबॉडी भलत्यालाच धरून बसली आहे. ही परीक्षा पहिल्या वर्षी व्हायला हवी होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि सरांनी मूठ अकरा वर्षं झाकून धरली होती.

“किरकोळ आहे,” सर म्हणाले. “शेजारच्या विभागात तसल्या पेशी आहेत. एका दिवसाचं काम.”

“एका दिवसाचं,” होयबा म्हणाला.

मास्तरच्या दृष्टीनं मात्र ते किरकोळ नव्हतं. त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. तिथल्याच कॉलेजात त्याची निवड झाली होती, पण पदवी हातात असेल तरच. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो, त्यापुढे नाही, असं प्राचार्यांनी स्पष्ट कळवलं होतं. महिना संपायला अकरा दिवस होते.

जेल ताईंनीच केलं. “तू लांब उभा राहा, आणि श्वास तिकडे सोड,” असं त्यांनी त्याला बजावलं. पहिल्या खणात रंगीत वजनखुणा. पुढच्या तीन खणांत साध्या पेशी, त्यापुढच्या तिनांत जीन काढलेल्या. दुसऱ्या कुणाचं जेल कधी तिरकं धावायचं, कधी हसल्यासारखं वाकायचं. ताईंचं सरळ. मेम्ब्रेन अख्खी ठेवायची म्हणून अँटिबॉडीची शेवटची न उघडलेली नळी काढावी लागली. रात्रभर डबा शीतखोलीत डुलत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास दोघं फोटो काढायच्या यंत्रापाशी उभी राहिली. ते यंत्र जिन्याखालच्या अडगळीत होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नसे.

पडद्यावर चित्र हळूहळू काळं होत गेलं. पंचेचाळीसला पट्टी उठली. डावीकडे तीन. उजवीकडेही तीन. सहाच्या सहा, सारख्याच जाड.

मास्तरनं बोट पडद्याजवळ नेलं आणि वर दाखवलं. बासष्टच्या खुणेपाशी एक केसासारखी बारीक रेषा होती. डावीकडच्या तीन खणांत होती. उजवीकडच्या तीन खणांत नव्हती.

“म्हणजे हे आहे आपलं एन्झाइम,” तो अगदी हळू म्हणाला. “हे वरचं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अकरा वर्षं ज्या एन्झाइमच्या नावानं भाषणं झाली, ते दर खेपेला मेम्ब्रेनच्या वरच्या तुकड्यावर बसून कचऱ्याच्या डब्यात जात होतं, आणि डबीत येत होतं ते कुठल्यातरी भलत्याच प्रथिनाचं काळं. आणि कात्री ताईंच्या हातात होती.

पण ताईंना लागलं ते हे नव्हे. ती रेषा त्यांनी ओळखली. अगदी सुरुवातीला, कापायची रीत पडायच्या आधी, त्यांनी ती दोनदा पाहिली होती. सरांना दाखवलीही होती. “तो कचरा आहे, ताई. चित्र स्वच्छ हवं,” असं सर म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून अँटिबॉडी वाचवायच्या निमित्तानं मेम्ब्रेन कापायचं ठरलं. ताईंनी कापली. विसरून गेलो, असं त्या म्हणाल्या असत्या, पण ते खरं नव्हतं. स्वच्छ पट्टीचं कौतुक होऊ लागलं आणि वर काय होतं याची त्यांना फिकीर उरली नाही, एवढंच.

सरांना बोलावलं. ते आले, तेव्हा ताईंना आणि मास्तरला बाहेर जिन्यात उभं राहावं लागलं. होयबा पायरीवरून डोकावत होता.

“हं,” सर म्हणाले. बराच वेळ पाहून पुन्हा, “हं.” मग, “पेशींची अदलाबदल झाली असेल.”

“सर, वरची रेषा उजवीकडे नाहीये,” मास्तर म्हणाला. “म्हणजे पेशी बरोबर आहेत. जीन गेलंय.”

“वरचा कचरा आहे.”

“कचरा बरोबर त्याच तीन खणांतून कसा जाईल, सर?”

सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते ताईंकडे वळले. “ताई, तुम्ही पुन्हा करा. तुमच्या हातानं. त्या उजव्या खणांत जरा… म्हणजे, तुम्हाला समजतंय. या मुलाचं आयुष्य आहे शेवटी. आपण काय, होऊन गेलो.”

आणि ते गेले. सरांनी जन्मात एक खोटं वाक्य पुरं केलं नव्हतं. अर्धं बोलायचं आणि उरलेलं दुसऱ्याकडून करवून घ्यायचं. उद्या काही निघालं तर सर काय म्हणाले होते? काहीच नाही. ताईंना त्या क्षणी त्यांची इतकी किळस आली की तोंडात थुंकी जमली.

“सरांना असं म्हणायचंय की…” होयबा सुरू झाला.

“मला कळलंय. तू जा, मान दुखेल,” ताई म्हणाल्या.

घरी त्या आणि त्यांच्या वहिनी, दोघीच. भाऊ वारून सात वर्षं झाली होती. वहिनी शिवणकाम करत. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कायम कुणाच्यातरी पडद्यांनी व्यापलेला असे आणि अर्ध्यावर दोघी जेवत. रोज संध्याकाळी ताई प्रयोगशाळेतल्या मूर्खांची हजेरी घेत आणि वहिनी दोरा ओवत ऐकत. त्या दिवशीही ताईंनी सरांची नक्कल केली, होयबाची मान करून दाखवली. वहिनी हसल्या.

“म्हणजे वन्सं, सशाचं रक्त, पावडरचं दूध, आणि अकरा वर्षं चुकीचा माल,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे असा झंपर कुणी दिला असता तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकला असता.”

“तेच तर!”

“आणि त्या मास्तरचं काय होणार?”

ताईंचा घास हातात राहिला. “काय व्हायचंय? प्रबंध बुडाला. वरच्या रेषेवर सगळं पहिल्यापासून करायचं, तीन-चार वर्षं. कॉलेज थोडंच थांबणार?”

“पोरगी केवढी आहे म्हणालात?”

“नऊ.”

वहिनी मशीनकडे वळल्या. ताईंना वाटलं, यांनी काही बोलायला हवं होतं. मशीन चालू राहिलं आणि ताईंचं डोकंही. मास्तर त्यांना कधी आवडला नव्हता. पण सहा वर्षं दुपारचा चहा त्यानंच करून दिला होता, सांगितल्याशिवाय, आणि कप धुऊन जागेवर ठेवला होता. अशा माणसाचं सशापायी वाटोळं व्हावं? सरांसाठी त्यांनी बोट हलवलं नसतं. मास्तरसाठी हलवायचं, असं त्यांनी अंथरुणावर पडता पडता ठरवलं, आणि आपल्या मनाच्या मोठेपणानं त्यांचं त्यांनाच भरून आलं.

सकाळी मास्तर आधीच आलेला होता. बाकावर वही, वहीवर कालचा फोटो. ताईंनी दार लोटून घेतलं.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “मी करून देते. सरांसाठी नाही, तुझ्यासाठी. उजव्या तीन खणांत बॅक्टेरियाचं प्रथिन भरते. खण भरल्यासारखे दिसतील, पण पट्टी उठायची नाही. फोटो थोडा कमी वेळ घेतला की वरची रेषाही दिसत नाही. मेम्ब्रेन अख्खीच्या अख्खी दाखवू. सही माझी. माझं काय, आठ महिन्यांनी मी घरी बसणार. तू पदवी घे आणि बायको-पोरीपाशी जा. कुणाला कळणार नाही, माझ्या हातचं काम आहे.”

एवढं लांब आणि एवढं प्रेमानं त्या प्रयोगशाळेत कुणाशी बोलल्या नव्हत्या. आता याचे डोळे भरून येणार, असं त्यांना वाटलं, आणि ते आवरायला काय बोलायचं हेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं.

मास्तर फोटोकडे बघत होता. “ताई,” तो म्हणाला, “काल ती वरची रेषा दिसली तेव्हा तुम्ही दचकला नाहीत. पट्ट्या बघून दचकलात, रेषा बघून नाही. तुम्हाला ती माहीत होती?”

नाही म्हणणं सोपं होतं. विचारणारा मास्तर होता, त्याला काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्यावर उपकार करायच्या भरात ताईंच्या तोंडून खरं निघालं. “हो.”

“कधीपासून?”

“सुरुवातीपासून. सर म्हणाले, कचरा आहे.”

“तुम्हाला काय वाटलं होतं?”

ताईंना काय वाटतं हे तिथे कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्याचीच ढाल करून त्या इतकी वर्षं मजेत बसल्या होत्या. डोकं सरांचं, हात आपले. डोक्याला हसायचं आणि हाताची वाहवा घ्यायची.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” मास्तर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “पहिल्याच आठवड्यात. कापायच्या आधी एकदा अख्खी बघूया का, म्हणून. तुम्ही म्हणालात, आधी पिपेट धरायला शीक.”

ते ताईंना आठवत होतं. चांगलं आठवत होतं. त्या रात्री वहिनींना त्यांनी ते रंगवून सांगितलं होतं, आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

“सहा वर्षं, ताई.”

“म्हणून तर म्हणते, मी करून देते,” त्या घाईनं म्हणाल्या. “भरपाई समज.”

तेव्हा त्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर ताईंनी तो परतवला असता. त्यानं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्यांचं मोजमाप घेतलं, आणि नजर काढून घेतली. आता त्यांच्याशी बोलण्यात त्याच्या लेखी काही राम उरला नव्हता. अशा नजरेनं ताई स्वतः लोकांकडे पाहत आल्या होत्या, पण ती दुसऱ्या बाजूनं कशी लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. सरांसमोर कधी वाटली नव्हती.

मास्तरनं फोटो कोऱ्या कागदावर चिकटवला. कडा न कापता. खाली शाळेतल्या अक्षरात सहाही खणांची नावं लिहिली, मग एक ओळ लिहिली: ‘ही अँटिबॉडी ज्या पंचेचाळीसच्या पट्टीसाठी वापरली, ती पट्टी या एन्झाइमची नाही. प्रबंधातले निष्कर्ष मागे घेतो.’ कागद त्यांच्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं. ताईंनी सही केली.

“सर यावर सही करणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

त्यानं फोन काढला आणि त्यांच्यासमोरच बायकोला लावला. “अगं, ती नोकरी गेली असं समज… नाही, तब्येत बरी आहे… नाही, अजून थोडी वर्षं. पोरीला मी आल्यावर सांगतो, तू सांगू नकोस.” पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं जात होतं. तो “हो” म्हणत राहिला, आणि मोकळ्या हातानं जेल ओतायच्या काचा पुसत राहिला.

फोन ठेवून तो बाकापाशी आला. ताई तिथेच उभ्या होत्या, सव्वीस वर्षांच्या सवयीनं बरोबर मधोमध.

“मॅडम,” तो म्हणाला, “जरा बाजूला होता का? मला काम करायचंय.”

ताई बाजूला झाल्या.